न हलणारे लॅपटॉप

दुरुस्तीला आलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला की मी पहिला प्रश्न एकच विचारते: "हा याआधी घराबाहेर कधी गेला होता?" बहुतेक जण थोडा वेळ आठवून बघतात आणि म्हणतात, "नाही हो ताई. आत्ता तुमच्याकडे आणला, तेवढाच."

नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. खरं तर हा प्रश्न विचारायचीही गरज नसते. बॅगेतून फिरलेल्या लॅपटॉपचे कोपरे घासलेले असतात, झाकणावर चरे असतात, बिजागरी सैल झालेली असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे कोपरे कोरे असतात. टचपॅडवर बोटाची खूण नसते, कारण शेजारी माउस लावलेला असतो. बॅटरी मात्र फुगून टचपॅड वर उचललेला असतो, कारण तीन वर्षांत चार्जर एकदाही काढलेला नसतो. लिथियमची बॅटरी कायम पूर्ण भरलेली ठेवली आणि वर तिला उष्णता दिली, की ती लवकर म्हातारी होते, आत वायू धरतो आणि ती फुगते. ज्या बॅटरीसाठी पैसे मोजले, ती एक दिवसही कामाला आली नाही आणि शेवटी तिनेच यंत्र बिघडवलं.

या घरांना लॅपटॉप नको होता. त्यांना टेबलावर राहणारा कॉम्प्युटर हवा होता आणि तो जास्त ताकदीचा, जास्त टिकणारा आणि कमी पैशांत मिळाला असता. तो त्यांना कुणी दाखवला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. या दोन्ही गोष्टींचा मला राग आहे.

आधी दुकानदारीबद्दल बोलते, कारण तिथे सरळसरळ दिशाभूल चालते. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं: आय ७, तेरावी पिढी. बाप खूश होतो. शेजारच्या कॉम्प्युटरमध्येही आय ७ आहे, म्हणजे बरोबरीचा माल, असा त्याचा समज होतो. आता आकडे बघा. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसणारा कोअर आय ७-१३७०० हा प्रोसेसर १६ कोअरचा आहे आणि त्याची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आहे. पातळ लॅपटॉपमध्ये बसणारा कोअर आय ७-१३५५यू हा १० कोअरचा आहे, त्यातले जोरकस कोअर फक्त दोन, आणि मूळ मर्यादा १५ वॅट. नाव एक, पिढी एक, खोक्यावरचं चिन्ह एक आणि आतलं यंत्र वेगळं. शेवटचं 'यू' हे अक्षर सगळा फरक सांगतं, पण ते अक्षर काउंटरवर कुणी उच्चारत नाही.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून वाईट. एन्व्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे नाव २०२२ मध्ये टेबलावरच्या कार्डाला मिळालं. त्या कार्डावर २४ जीबी मेमरी, १६,३८४ कोअर आणि ४५० वॅटची तरतूद. पुढच्या वर्षी तेच नाव लॅपटॉपवर आलं. लॅपटॉपमधली चिपच वेगळी, कोअर ९,७२८, मेमरी १६ जीबी. नावापुढे 'लॅपटॉप' हा शब्द जोडलेला असतो, पण जाहिरातीत नजर आकड्यावर जाते, शब्दावर जात नाही. वाण्याने किलोच्या पिशवीत सहाशे ग्रॅम साखर भरली तर आपण त्याच्याशी भांडतो. इथे लाखाच्या वर पैसे मोजून आपण गप्प राहतो.

हा फरक का पडतो, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी उष्णता बाहेर टाकतो. ती उष्णता न्यायला टेबलावरच्या कॅबिनेटमध्ये भरपूर जागा असते, वर तळहाताएवढा १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. लॅपटॉपच्या पोटात तांब्याच्या एक-दोन चपट्या नळ्या आणि डबीएवढा पंखा. उष्णता निघेनाशी झाली की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे लॅपटॉपचा छापील वेग थोडा वेळ मिळतो, मग यंत्र धापा टाकत चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कूलर नसलेल्या खोलीतली चाळीस-बेचाळीस अंशांची हवा तो पंखा आत ओढणार आणि तिनेच आतलं यंत्र थंड करणार. त्यात गादीवर ठेवला तर खालची जाळी बंद. उन्हाळ्यात माझ्याकडे येणारे निम्मे लॅपटॉप बिघडलेले नसतातच. ते नुसते गुदमरलेले असतात. मी जाळीतला कापसासारखा धुळीचा थर काढते, नवी थर्मल पेस्ट लावते आणि ते पुन्हा चालू लागतात. पुढच्या मे महिन्यापर्यंत.

हे तरी साफ करता येतं. जे करता येत नाही, त्याबद्दल आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कापूस विकून आलेल्या पैशांत वर कर्ज घालून तिला लॅपटॉप घेऊन दिला होता. पातळ, चंदेरी, देखणा. ८ जीबी रॅम. पहिली दोन वर्षं निभावली, मग रेव्हिट हे इमारतींचे आराखडे करायचं सॉफ्टवेअर शिकायची वेळ आली आणि यंत्र बसकण मारू लागलं.

"ताई, याच्यात अजून आठ जीबी टाकून द्या नं," ते म्हणाले. "पैसे आणले आहेत."

मी मागचं झाकण उघडलं. रॅम मदरबोर्डवरच डाखलेली. जादा खाच एकही नाही.

"भाऊ, यात नाही टाकता येत."

"तुमच्याकडे नाही का? मुंबईहून मागवा, थांबतो आम्ही."

"मुंबईहून काय, कुठूनच नाही येत. कंपनीने जेवढी चिकटवून दिली तेवढीच."

ते बराच वेळ त्या उघड्या बोर्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुकानात पोराला विचारलं होतं मी, पुढं वाढवता येईल का म्हणून. तो हो म्हणाला होता."

ही गोष्ट मी विसरू शकत नाही, कारण त्या माणसाने अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. आठ हजारांचा पंप घेतानाही सुटे भाग कुठे मिळतील हे विचारणारा हा माणूस. त्याने विचारलं आणि त्याला खोटं सांगितलं गेलं. विकणाऱ्या पोराला खरं माहीत तरी होतं का, कोण जाणे. ते त्याला शिकवणं कुणाच्याच फायद्याचं नव्हतं.

आता कंपन्यांची बाजूही मांडते, कारण ती पूर्ण खोटी नाही. कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या जवळ, आखूड वाटेवर बसवावी लागते. खाच आणि पट्टी आली की वाट लांबते, वेग घटतो, जाडी वाढते. खरं आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मेमरीचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने कॅम-२ नावाचं मानक जाहीर केलं. त्यामुळे हीच कमी विजेची मेमरी स्क्रूने बसवता आणि काढता येते. फ्रेमवर्क नावाची छोटी अमेरिकी कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते आहे, ज्यांची रॅम, बॅटरी, कीबोर्ड, इतकंच काय, मदरबोर्डसुद्धा ग्राहक स्वतः बदलू शकतो. म्हणजे जमतं. ज्यांना जमवायचं नाही, त्यांचं कारण उघड आहे: रॅम बदलता आली तर माणूस नवा लॅपटॉप दोन-तीन वर्षं पुढे ढकलतो.

टेबलावरचा कॉम्प्युटर असा बंदिस्त का नाही, यालाही इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात पाच मोकळ्या खाचा होत्या, आणि सोबत विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तकात सर्किटचे नकाशे छापलेले होते. कुणीही कार्ड बनवावं आणि त्या खाचेत बसवावं. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डचं माप ठरवलं, आणि आजही त्या मापाचा बोर्ड त्याच जागच्या भोकांवर बसतो. या मोकळेपणावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा आणि पुण्याच्या तापकीर गल्लीचा धंदा उभा राहिला. कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडत नसलेल्या हजारो मराठी घरांत, डीटीपीच्या दुकानांत, टायपिंग क्लासेसमध्ये 'असेंबल्ड' पोचला. बोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचं. माझ्यासारखी डिप्लोमा झालेली मुलगी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन दुकान टाकू शकली, ती त्या खाचांमुळेच.

लॅपटॉपने ही खाच बुजवली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्याची २ जीबी रॅम बोर्डला कायमची डाखलेली होती. तिथून पातळपणाची शर्यत लागली आणि जाडीबरोबर दुरुस्तीही गेली. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल उघडलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती वाचून बोर्डाला चिकटलेली रॅम सुटत नाही.

नुकताच मोठा दणका बसला तो विंडोज १०चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप होता, त्यांचा मी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलली. कॅबिनेट तेच, मॉनिटर तोच, कीबोर्ड-माउस तोच, एसएसडी तीच, चांगला असेल तर पॉवर सप्लायही तोच. ज्यांच्याकडे त्याच वयाचा लॅपटॉप होता त्यांना मी काय देऊ? उत्तम चालणारा स्क्रीन, उत्तम चालणारा कीबोर्ड, आणि सगळं जुन्या बोर्डाशी जखडलेलं. काहींना मी लिनक्स टाकून दिलं. बाकीचे अख्खं यंत्र कपाटावर ठेवून नव्या दुकानात गेले.

आता शरीराबद्दल. लॅपटॉपचा स्क्रीन कीबोर्डला बिजागरीने जोडलेला असतो, हे त्याचं वैशिष्ट्य आणि हाच त्याचा दोष. हात सुखात ठेवायचे तर स्क्रीन खाली राहतो आणि मान वाकते. मान सरळ ठेवायला लॅपटॉप उंच केला तर मनगटं हवेत लटकतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर, हा साधा नियम एकट्या लॅपटॉपला पाळताच येत नाही. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोक माझ्याकडे येतात: ताई, स्टँड द्या. पुढच्या महिन्यात वेगळा कीबोर्ड, माउस. मग डोळे दुखतात म्हणून २४ इंची मॉनिटर. मग पोर्ट पुरत नाहीत म्हणून हब. शेवटी टेबलावर सगळा डेस्कटॉप हप्त्याहप्त्याने उभा राहतो, आणि त्याच्या मध्यभागी, झाकण मिटून, गुदमरत, ती चंदेरी वस्तू पडलेली असते. ताकद लॅपटॉपची, किंमत दोघांची.

तरी लोक डेस्कटॉप मागत नाहीत, आणि याचं कारण दुकानदार एकटा नाही. आपल्याला डेस्कटॉपची लाज वाटते. तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये असतो, तलाठी कार्यालयात असतो, झेरॉक्सच्या दुकानात असतो. म्हणजे तो कारकुनाचा. लॅपटॉप साहेबाचा. मुलगा दहावी झाला की लॅपटॉप, मुलीचं लग्न ठरलं की जावयाला लॅपटॉप. माझ्या ओळखीतल्या एका घराने चांगला चालणारा डेस्कटॉप भंगारात दिला, कारण पाहुणे यायचे होते आणि तो हॉलमध्ये 'जुनाट' दिसत होता. त्यात फक्त एसएसडी टाकली असती, तर तो पुढची पाच वर्षं पळाला असता. ही हौस नाही. पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशाची ही उधळपट्टी आहे.

कॉलेजंही या पापात सामील आहेत. प्रवेशाच्या कागदांबरोबर यादी येते आणि तिच्यात 'लॅपटॉप आवश्यक' असं लिहिलेलं असतं. रोज घरून ये-जा करणाऱ्या, वर्गात लॅपटॉप उघडायची परवानगीही नसलेल्या मुलांना तो कशासाठी आवश्यक? प्रॅक्टिकल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपवर होतं. 'घरी कॉम्प्युटर असावा' असं लिहिलं असतं तर कित्येक बापांचं कर्ज वाचलं असतं. वर 'शून्य टक्के व्याज' नावाचा हप्ता असतोच. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. व्याज कुठेतरी भरलेलंच असतं, प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत. तरी फलक लागतो आणि माणूस फसतो.

आता लॅपटॉपच्या बाजूचं जे खरं आहे, ते मी मान्य करते, आणि ते थोडंथोडकं नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या, दर सुटीला घरी जाणाऱ्या मुलामुलींनी लॅपटॉपच घ्यावा. बातमीदार, फिरतीचा ऑडिटर, दर सहा महिन्यांनी शहर बदलणारा कंत्राटी इंजिनिअर, यांना डेस्कटॉप सांगणं मूर्खपणा आहे. ज्या गावात वीज तासन् तास जाते, तिथेही लॅपटॉपची बॅटरी हा मोठा आधार आहे. शहरातल्या दहा मिनिटांच्या खंडाला मात्र ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. साध्या डेस्कटॉपला तो काम साठवून नीट बंद करण्याइतका वेळ देतो, आणि त्याची बॅटरी खराब झाली की कुठल्याही गावच्या दुकानात बदलून मिळते.

आणि एक कारण आहे, ज्यापुढे माझे सगळे आकडे गप्प बसतात. दोन खोल्यांच्या घरात डेस्कटॉप हॉलमध्ये असतो, म्हणजे टीव्हीशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर. तो भावाचा असतो, वडिलांचा असतो, मुलीची पाळी शेवटी. लॅपटॉप घेऊन ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गच्चीच्या जिन्यावर बसू शकते. तिचं काम तिचं राहतं. माझ्या दुकानात काम शिकलेल्या एका मुलीने मला हे तोंडावर सुनावलं: "ताई, तुम्हाला टेबल होतं म्हणून तुम्ही डेस्कटॉप म्हणता." तिचं बरोबर होतं. ज्या मुलीला घरात स्वतःचं टेबल नाही, तिला मी डोळे मिटून लॅपटॉप घ्यायला सांगते. फक्त रॅमची खाच मोकळी असलेला.

पण ज्या घरात टेबल आहे, खुर्ची आहे, प्लग आहे, आणि यंत्र तिथून हलणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्या घरासाठी माझं मत बदलत नाही. न हलणाऱ्या गोष्टीच्या हलण्याचे पैसे देऊ नका.

दुकानात जाणार असाल तर हे पाठ करून जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा, शेवटच्या अक्षरासकट, आणि तो किती वॅटचा हेही विचारा. रॅम डाखलेली आहे की खाचेत आहे, किती खाचा मोकळ्या आहेत, आणि वाढवून वाढवून किती होईल, हे बिलावर लिहून मागा. तोंडी 'हो' घेऊ नका. विक्रेता लिहून द्यायला कचरला, तर तिथेच उत्तर मिळालं. लॅपटॉप घेतलाच आणि तो टेबलावरच राहणार असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात, ती सुरू करा. डेस्कटॉप जोडून घेणार असाल तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर पैसे घालू नका. चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, एसएसडी आणि डोळ्यांना सुखाचा मॉनिटर, इथे घाला. मॉनिटर दोन कॉम्प्युटर पुरून उरतो.

वर्ध्याच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. तो लॅपटॉप मी विकत घेतला नाही, कारण मला तो वाढवून विकता येणार नव्हता. तो तिने नोट्स आणि वर्गासाठी ठेवला. नागपुरात मावशीकडे ती राहत होती, तिथे टेबल होतं. एका ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप मी त्यांना जोडून दिला, दोन खाचांत मिळून १६ जीबी, आणि दोन खाचा मोकळ्या. वडिलांनी कॅबिनेटचं झाकण स्वतः उघडून बघितलं. त्या मोकळ्या खाचांवर बोट ठेवून विचारलं, "पुढं इथं टाकता येते?"

"येते भाऊ. आणि तुम्हाला स्वतःलाही टाकता येईल."

त्यांनी झाकण लावलं आणि स्क्रू स्वतःच्या हाताने घट्ट केले.